होडी कोणाची?



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी जेव्हा मला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांनी विचारले, "आपला विषय 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' असा छापू ना?" मी म्हणालो, "नको. 'लहान होडीची निगा' असा छापा." त्यांना वाटले, आपल्याला नीट ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. शेवटी त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हणा किंवा आपल्या श्रोत्यांच्या काळजीपोटी म्हणा, पत्रिकेवर 'गोड्या पाण्यातील मासेमारी' एवढेच छापले. ते काही चूक नाही. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते अखेर होडीपाशीच येऊन थांबते, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

मी सातवीपर्यंत शिकलो. पंधराव्या वर्षी एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि तेथे पत्राकाम शिकलो. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा आज आपणांसमोर शास्त्र म्हणून जे मांडीन ते एका कारागिराने चाचपडत मिळवलेले शास्त्र आहे, आणि त्यातला बराच भाग मी स्वतः चूक करून शिकलो आहे. ती चूकही आज सांगणार आहे.

आपण देशावरची माणसे. मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई, मालवण, गोवा असा समुद्र उभा राहतो. परंतु देशावरच्या बाजारात पाटीत जो कटला, रोहू, मरळ, वाम किंवा स्वस्तातली चिलापी दिसते, ती आपल्याच नद्यांवर बांधलेल्या धरणांतून आणि तळ्यांतून आलेली असते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. पुणे, सोलापूर आणि पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, या तीन जिल्ह्यांत त्याचा फुगवटा पसरला आहे. त्या पाण्याखाली गावे गेली, मळईच्या जमिनी गेल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले काही काठावरच राहिले, आणि ज्या पाण्याने त्यांचे शेत बुडवले त्याच पाण्यात ते जाळे टाकू लागले. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे भोई तर होतेच. नदीचा डोह ओळखणाऱ्या त्या माणसांना आता क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी ओळखावे लागले.

येथे एक गोष्ट शहरातल्या माणसाच्या ध्यानात येत नाही. त्याला वाटते, पाणी आले म्हणजे मासा आपोआप आला. तसे नाही. कटला, रोहू, मृगळ हे आपले मुख्य मासे वाहत्या नदीचे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी गढूळ होते, काठचे सखल रान बुडते, तेव्हा ते अंडी सोडतात. साठलेल्या निवांत पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून एके काळी मत्स्यबीज हे नदीतूनच गोळा करावे लागे, आणि त्यात नको त्या माशांचीही पिले येत. ही अडचण ज्यांनी दूर केली त्या शास्त्रज्ञाचे नाव हिरालाल चौधुरी. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. आज तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या प्रयोगामुळे जिरे, बीज आणि बोटुकली अशा क्रमाने मासा वाढवून तो धरणात सोडता येऊ लागला.

याचा अर्थ काय? धरणाचे पाणी हे एक शेत आहे. त्यात पेरावे लागते, पेरलेले वाढू द्यावे लागते आणि मग कापणी करावयाची असते. फरक एवढाच की या शेताला बांध नाही. मी पेरलेले बोटुकले शेजारच्या गावाच्या जाळ्यात जाते. म्हणून जो तो म्हणतो, मोठा होईपर्यंत मी कशाला थांबू? बारीक आसाचे जाळे टाकतो, आजच्या आज उचलतो. १९५२ साली आपल्या देशात बाहेरून आणलेली चिलापी मात्र निवांत पाण्यातही वीत राहते आणि कोणाची वाट पाहत नाही. ज्या पाण्याला धनी नाही त्या पाण्यात शेवटी चिलापी उरते, असे तात्या मला म्हणत असत. तात्या म्हणजे कोण, ते आता सांगतो.

२००२ साली आमचा कारखाना बंद पडला. देणी मिळण्यासाठी आम्ही भांडत होतो. माझा एक जोडीदार मूळचा फुगवट्याकाठच्या गावचा. तो गावी परत गेला आणि वर्षभराने माझ्याकडे आला. म्हणाला, "आमच्या गावात युनियन काढायला पाहिजे." मी विचारले, "कारखाना आहे का तेथे?" तो म्हणाला, "कारखाना नाही, पण मालक आहे."

मी जाऊन पाहिले. मालक म्हणजे मासळीचा व्यापारी. होडी त्याची, जाळे त्याचे. पावसाळ्यात हाताला काम नसे तेव्हा तो उचल देई. एकदा उचल घेतली की मासा त्याच्याच काट्यावर घालावयाचा, भाव तो सांगेल तो, आणि दहा किलोमागे एक किलो घट म्हणून सोडून द्यावयाचा. कोणी दुसरीकडे मासा नेला तर दुसऱ्या दिवशी होडी नाही. गिरणीत किंवा कारखान्यात मालक कामगाराला फाटकाबाहेर ठेवतो. येथे फाटक नव्हते, येथे होडी होती.

मी सभा घेतली. कारखान्याच्या फाटकावर बोलत असे तसाच बोललो. टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर एक म्हातारे भोई जवळ आले. सारे गाव त्यांना तात्या म्हणे. ते म्हणाले, "दादा, भाषण लई झ्याक झालं. पण सकाळच्याला पाण्यात जायचं ते कशात बसून?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वीस वर्षांच्या चळवळीत मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हा आम्ही होड्या बांधावयाच्या ठरवल्या. लाकडी होडीला चांगले लाकूड हवे, ते महाग. शिवाय ती जड, आणि तिला दरवर्षी डांबर हवे. आम्ही पत्र्याचे कामगार. लोखंडी पत्रा पाण्यात गंजतो. अॅल्युमिनियमचा पत्रा महाग पडतो खरा, परंतु त्याच आकारमानाच्या लोखंडाच्या मानाने त्याचे वजन सुमारे एक तृतीयांश भरते. देण्यांतले जे काही हाती आले होते त्यातून सात जणांनी थोडे थोडे काढले, गावातल्या घरांनी वर्गणी दिली, आणि एका मोडक्या शेडमध्ये आम्ही सोळा गेजच्या पत्र्याच्या तीन होड्या रिबीट मारून बांधल्या. प्रत्येक बारा फूट लांब. दोन माणसे ती उचलून काठावर नेत. गावाने त्यांना लगेच नाव दिले, 'जर्मनच्या होड्या'. आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचे भांडे म्हणतात, तसे.

पहिल्या वर्षी होड्यांनी फार सुख दिले. मासा दुसऱ्या काट्यावर जाऊ लागला. दहा किलोला दहा किलो. व्यापाऱ्याने भाव वाढवला, उचल वाढवली, तरी काही घरे परत गेली नाहीत. आमचा लढा जिंकला असे मी समजलो, आणि एका मेळाव्यात तसे जाहीरही करून टाकले.

दुसऱ्या हिवाळ्यात एका होडीच्या तळाच्या रिबिटी सैल झाल्या. दररोज खडकावर ओढून ओढून त्या हलल्या होत्या. मला निरोप आला. मी माझी हत्यारे घेऊन गेलो. अॅल्युमिनियमच्या रिबिटी संपल्या होत्या. माझ्या पेटीत तांब्याच्या होत्या. तांबे मऊ, ठोकावयास सोपे, गंजत नाही, असा माझा हिशेब. मी तांब्याच्या अकरा रिबिटी मारल्या. त्या लाल डोक्यांची ओळ पत्र्यावर इतकी सुरेख दिसली की मी सगळ्यांना बोलावून ती दाखवली.

काही महिन्यांनी तात्यांची सून मला म्हणाली, "दादा, त्या तांबड्या खिळ्यांच्या भवती पीठ सांडल्यावानी पांढरं काय येतंया?" मी न वाकता म्हणालो, "मळ असेल ताई, पुसून टाका." त्यांनी पुसले. ते पुन्हा आले.

मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे वारे कसे येते ते आपणांस माहीत आहे. गावात त्याने पत्रे उडतात. मोकळ्या पाण्यावर ते आडोशाशिवाय येते, आणि घटकाभरात लाटा उठतात. अशा एका दुपारी तात्यांचा नातू आणि आणखी एक पोरगा जाळे काढावयास गेले होते. लाटांच्या हिसक्याने तळाचा पत्रा वाकला आणि रिबिटी निखळल्या. पाणरेषेखाली वीतभर खोलीवर पाच मिलिमीटरचे एक भोक असेल तर त्यातून तासाला सुमारे ऐंशी लिटर पाणी आत येते. त्या होडीला तशी सात भोके पडली, आणि ती पाच मिलिमीटरची नव्हती. बोट जाईल एवढी होती. एक पोरगा डब्याने पाणी उपसत होता, दुसरा वल्हे मारीत होता, आणि वरून लाट आत येत होती.

लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते, माणूस तिला धरून राहतो. धातूची होडी भरली की तळाला जाते. हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून बैठकीखाली आम्ही बूच लावलेले वीस वीस लिटरचे पाच रिकामे कॅन बांधले होते. असे पाच कॅन मिळून शंभर किलोच्या आसपास भार धरतात. परंतु उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. ज्यांना गरज लागली त्यांनी एकेक कॅन घरी नेला होता. त्या दिवशी होडीत एकच कॅन होता. होडी बुडाली. त्या एका कॅनला धरून दोन पोरे पाऊण तास पाण्यात होती. पलीकडच्या काठच्या माणसांनी त्यांना पाहिले, म्हणून ती आज हयात आहेत. त्यांतल्या एकाला आता स्वतःची मुले आहेत.

पाणी खाली गेल्यावर होडी वर काढली. मी रिबिटी पाहिल्या. तांबे शाबूत होते, चकचकीत होते. त्याच्या भोवतालचा पत्रा खाल्ला गेला होता.

हे असे का होते, ते मी नंतर वाचून काढले. अॅल्युमिनियम मुळात फार चटकन हवेशी संयोग पावणारा धातू आहे. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा प्राणिदाचा पातळ पापुद्रा बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. ओरखडा पडला तर पापुद्रा पुन्हा धरतो. परंतु दोन निराळे धातू एकमेकांस चिकटले आणि त्यांच्यामध्ये ओल राहिली म्हणजे बॅटरीचा सेल तयार होतो. जुन्या टॉर्चच्या सेलमध्ये जसे बाहेरचे जस्त झिजत जाते, तसा येथे अॅल्युमिनियमचा पत्रा झिजतो आणि तांबे सुरक्षित राहते. शिवाय तांब्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात उतरून पत्र्यावर दुसरीकडे बसतात आणि तेथेही खड्डे पाडतात. स्वच्छ गोड्या पाण्यात हे सावकाश चालते. पण आमच्या होडीच्या तळाला ओली पोती सदैव पडलेली, आणि त्यांत मिठात घातलेली मासळी. मीठ आणि ओल मिळाल्यावर काय पाहिजे? तांबे गंजत नाही हा माझा हिशेब बरोबर होता. त्याचा शेजारी काय होईल, हे मी पाहिले नव्हते. आणि ती पांढरी भुकटी म्हणजे झिजलेल्या पत्र्याची राख होती. एका बाईने ती पाहून मला विचारले होते, आणि मी मिस्त्री असल्यामुळे तिचे ऐकले नाही.

मी गावच्या सभेत उभा राहून सांगितले की ही चूक माझी आहे. कोणी रागावले नाही. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले. तात्या मात्र थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "खिळं तुमचं चुकलं, ठीक. पर कॅन कुनी न्हेलं? दोन वरीस ह्या होडीकडं रोज बघत कोन हुतं? यापाऱ्याची होडी हुती तवा त्येचा मानूस सांजच्याला येऊन तळ चाचपून जायचा. आमची झाली, आन्‌ बघनारं कुनी ऱ्हायलं न्हाई."

बंधुभगिनींनो, मी आयुष्यभर मालकीवर बोलत आलो. साधने श्रमणाऱ्याच्या हाती असली पाहिजेत, हे मी आजही मानतो. परंतु साधन हाती आले म्हणजे मालकी आली, हा माझा समज त्या दिवशी गेला. व्यापाऱ्याकडून आम्ही होडी मिळवली होती, पण तिच्याकडे रोज पाहण्याचे त्याचे काम आम्ही घेतलेच नव्हते. ते काम मध्येच पडून राहिले आणि त्यातून दोन पोरे पाण्यात गेली.

त्यानंतर आम्ही जे नियम केले ते आज आपणांस सांगतो. आपल्यापैकी फार थोड्यांची होडी असेल. पण जर्मनची पातेली घरोघरी आहेत, आणि संस्था तर प्रत्येकाची एखादी आहेच.

पहिला नियम असा की अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियमचीच रिबीट. बोल्ट लावणे भागच पडले तर तो स्टेनलेस स्टीलचा, आणि त्याच्याखाली रबराचा किंवा नायलॉनचा वॉशर, म्हणजे दोन धातूंची गाठ पडत नाही. तांबे, पितळ, शिसे यांचे होडीत काम नाही. होडीत पडलेले एक तांब्याचे नाणेसुद्धा ओलीत राहिले तर तळाला खड्डा पाडते. जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आम्ही टोपलीत ठेवतो, तळावर नाही. तांबे असलेला किंवा शेंदरी शिशाचा रंग तिला लावीत नाहीत. रंग द्यावयाचा तर आधी पत्रा घासून, या धातूला धरणारा प्राइमर देऊन मगच.

दुसरा नियम धुण्याचा. होडी रोज साध्या पाण्याने धुवावयाची. धुण्याचा सोडा कधीही वापरावयाचा नाही. आपल्या घरातल्या गृहिणींना हे माझ्याआधी ठाऊक आहे. जर्मनच्या पातेल्यात सोडा घातला की ते काळे पडते. सोडा, चुना आणि ओले सिमेंट ही तिन्ही तो रक्षक पापुद्रा विरघळवतात. म्हणून होडी सिमेंटच्या ओल्या कोब्यावर ठेवावयाची नाही. जुन्या टायरांवर किंवा लाकडावर पालथी ठेवावयाची. ओली पोती रात्री तळाला राहू द्यावयाची नाहीत. पत्र्याला पाण्याचे भय नाही. पोत्याखाली हवा न लागता कोंडून राहिलेल्या ओलीचे भय आहे.

तिसरा नियम गळती शोधण्याचा. गळणारी होडी पाण्यात टाकून भोक सापडत नाही, कारण पाणी आत पसरते आणि खरी जागा लपते. ती काठावर ओंडक्यांवर चांगली टेकवून घ्यावी, आत चार बोटे पाणी भरावे, आणि मग आपण खाली आडवे होऊन पाहावे. जेथे थेंब धरतो तेथे खडूने खूण करावी. शिसपेन्सिलीने करू नये. तिच्यातले ग्रॅफाइटही तांब्यासारखेच या पत्र्याला खाते. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, प्रत्येक होडीची अशी तपासणी होते. चीर दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना लहान गोल भोक पाडतात, म्हणजे ती पुढे धावत नाही, आणि मग वरून ठिगळ मारतात.

चौथे काम सैल रिबीट पुन्हा बसवण्याचे. हे काम मला फार आवडते, कारण ते एकट्याने होत नाही. एकाने बाहेरून डोक्याला जड लोखंडाचा आधार धरावयाचा आणि दुसऱ्याने आतून शेपटी ठोकावयाची. आधार धरणारा गाफील राहिला तर कितीही चांगला ठोकणारा असो, रिबीट वाकडी बसते. पुष्कळ वर्षे मी संघटनेत ठोकणाऱ्याचे काम केले आणि टाळ्या घेतल्या. आधार धरणाऱ्यांची नावे कोणी छापली नाहीत.

पाचवा नियम वहीचा. प्रत्येक होडीची एक वही आणि प्रत्येक आठवड्याला दोन माणसांची पाळी. कॅन मोजावयाचे, वल्ही मोजावयाची, पाणी काढून टाकण्याच्या भोकाचे बूच पाहावयाचे, आणि पांढरी भुकटी दिसली की जागा लिहावयाची. ही वही कोणाकडे ठेवावी असा प्रश्न आला तेव्हा मी तात्यांच्या सुनेचे नाव सुचवले. काही पुरुषमंडळी कुरकुरली की बाई पाण्यात जात नाही. त्यावर ती म्हणाली, "मी पान्यात जात न्हाई, पर माझं मानूस जातंया." पुढे कोणी बोलले नाही. त्या तीन होड्यांतल्या दोन अजून पाण्यात आहेत.

सहावी गोष्ट मी नियम म्हणून न सांगता विनंती म्हणून सांगतो. २१ मे २०२४ रोजी याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे बुडाली. ते वारे मला ओळखीचे वाटले. होडी कशाचीही असो, तीत जितकी माणसे तितकी तरंगणारी जाकिटे हवीत, आणि ती अंगावर हवीत. आभाळ पश्चिमेला काळवंडले की जाळे तसेच सोडून काठ गाठावा. जाळे पुन्हा विणता येते.

आता आपण म्हणाल, निगा राखली म्हणजे सारे झाले काय? नाही. येथे मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझे बोलणे गरिबाला शिस्तीचा उपदेश केल्यासारखे होईल, आणि असे उपदेश आम्ही कामगारांनी मालकांकडून पुष्कळ ऐकले आहेत.

बिहारात भागलपूरकडे गंगेच्या पात्रावरच जमीनदारी होती. जमिनीची जमीनदारी कायद्याने गेली, तरी पाण्याची राहिली. तिला तेथे पानीदारी म्हणत. वाहत्या गंगेत जाळे टाकावयाचे तर मल्लाहांनी जमीनदाराला कर द्यावयाचा. १९८२ साली कहलगावला गंगा मुक्ती आंदोलन सुरू झाले, आणि दीर्घ लढ्यानंतर १९९१ साली तेथल्या पारंपरिक मच्छिमारांना त्या करातून मुक्तता मिळाली. ही माणसे काही होडीची निगा राखण्यात कमी नव्हती. त्यांना हक्कच नव्हता.

मध्यप्रदेशात नर्मदेची उपनदी तवा, तिच्यावरच्या धरणाने विस्थापित झालेले आदिवासी संघटित झाले. किसान आदिवासी संघटनेच्या लढ्यानंतर १९९६ साली त्यांच्या सहकारी संस्थांच्या तवा मत्स्य संघाला जलाशयातील मासेमारीचा पट्टा मिळाला. त्यांनी ठेकेदाराविना काम चालवून दाखवले. बोटुकली सोडली, विणीच्या काळात मासेमारी बंद ठेवली, पाण्यावर पहारा केला. म्हणजे शेताला बांध नव्हता तेथे त्यांनी आपल्या ठरावांचा बांध घातला. आणि तरीही तो भाग सातपुडा व्याघ्रप्रकल्पात येतो म्हणून २००६ च्या अखेरीस पट्टा संपला तो पुन्हा मिळाला नाही. निगा होती, हक्क गेला.

मी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पुष्कळ विचार केला. आमच्या गावी हक्क आला आणि निगेअभावी तो बुडता बुडता वाचला. तव्याला निगा होती आणि हक्क काढून घेतला गेला. हक्क आणि निगा या एकाच रिबिटीच्या दोन बाजू आहेत, असे मला वाटू लागले आहे. एका बाजूला आधार आणि दुसऱ्या बाजूला ठोका. हक्कासाठी लढणारा म्हणतो, आधी हक्क द्या, मग निगा पाहू. निगेचा उपदेश करणारा म्हणतो, आधी लायकी दाखवा, मग हक्क देऊ. दोघेही एकट्याने रिबीट मारू पाहतात.

आमच्या गावात आजही सगळे चांगले आहे असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. बारीक आसाची जाळी पूर्ण गेलेली नाहीत. उचल घेणारी घरे अजून आहेत, कारण पावसाळा दरवर्षी येतो. परंतु होडीच्या वहीनंतर आणखी एक वही सुरू झाली आहे. कोणत्या महिन्यात किती बोटुकली सोडली आणि पुढे काट्यावर केवढा मासा आला, याची. होडीकडे रोज पाहावयास शिकलेल्या माणसांना आता पाण्याकडे पाहण्याची सवय लागते आहे. ही सवय मी भाषणांनी लावू शकलो नव्हतो.

तात्या चार वर्षांपूर्वी वारले. शेवटी त्यांना भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "दादा, जर्मनची होडी कशी हाय?" मी म्हणालो, "बरी आहे, तात्या." ते म्हणाले, "तुमी पालथी करून बघितली का?" मी पाहिली नव्हती. मी नदीवर गेलो, होडी पालथी केली, बोटाने सारा तळ चाचपला, आणि परत येऊन त्यांना सांगितले की कोरडी आहे, पांढरे कोठे नाही. तेव्हा कोठे त्यांनी मान हलवली.